आठ महिन्यांनंतर शिलाई मशीन: टाके चांगले, पण पेडलबद्दल सविस्तर सांगायलाच हवं

संक्रांतीच्या आदल्या रात्री आमची शिलाई मशीन आपोआप चालू झाली. पेडलवर कोणाचाही पाय नव्हता. मी स्वयंपाकघरात गूळपोळीचा गूळ किसत होते आणि तिसरीतली लेक सुईच्या नेढ्यात दोरा ओवायच्या खटपटीत होती. खडखड आवाज आला, पाठोपाठ "आई!" अशी हाक. धावत जाऊन बोर्डावरचं बटण बंद केलं. दोरा ओला करायला तिने तो नेमका तोंडात धरला होता, म्हणून बोट वाचलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. हा अनुभव लिहायचं तेव्हाच ठरवलं होतं, पण पुढचं सगळं निस्तरल्याशिवाय लिहिणं बरोबर वाटेना.

मशीनची माहिती सगळीकडे आहे, ती इथे उगाळत नाही. 21 प्रकारचे टाके, समोरून बसणारी बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी), चार टप्प्यांत होणारं काज अशी या किमतीतली नेहमीची घरगुती मशीन. गणपतीच्या आधी 10,800 रुपयांना घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच किमतीच्या आणखी दोन कंपन्यांच्या मशीन मी मैत्रिणींकडे चालवून पाहिल्या, हळू चालवायला गेलं की त्यांचीही सुई एकदम पळायची, ते पुढे सांगते.

मी कोण, हे थोडं सांगते, नाहीतर पेडलसाठी एवढा जीव का काढते आहे ते कळणार नाही. सासवडला शिवणक्लास केला होता. लग्नाआधी आईच्या पायमशीनवर गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, परकर, मुलींची पोलकी शिवायचे. पुण्यात आले आणि बारा वर्षं सुई फक्त बटण लावायला हातात घेतली. आता धायरीत राहते. सकाळी डबे, दुपारी एका ऑफिसात हिशेबाचं अर्धवेळ काम, आणि रात्री जी.डी.सी. अँड ए.चा, म्हणजे सहकार व हिशेबाच्या सरकारी पदविकेचा अभ्यास. सहकार खात्याची ही परीक्षा मे महिन्यात असते, सहा पेपर असतात. सोसायट्यांच्या हिशेबतपासणीची कामं मिळावीत हा हेतू आहे. यातून शिवणाला मिळतात ती साडेनऊनंतरची वीस-पंचवीस मिनिटं. लेक शेजारच्या खोलीत झोपलेली असते आणि सासूबाईंची झोप सावध.

म्हणून मला वेग नको होता. मला हळू चालणारी मशीन हवी होती. गळ्याचा गोल, मुंढ्याची जोडणी, कटोरीचं टोक या ठिकाणी टाका-टाका मोजत जायचं असतं. आईच्या पायमशीनवर पाय थबकला की सुईही तिथेच थबकायची. या मशीनचं पेडल दाबलं की आधी काहीच होत नाही, मोटर नुसती गुणगुणते. आणखी थोडं दाबलं की सुई एकदम सात-आठ टाके पळून जाते. मधलं काही नाही. पहिल्या महिन्यात मी गळ्याची एकच पट्टी चार वेळा उसवली. अभ्यासाची वीस मिनिटं देऊन शिवायला बसायचं आणि ती उसवण्यात घालवायची, याने डोळ्यांत पाणी यायचं.

असं का होतं ते मला नंतर रविवार पेठेतल्या मेकॅनिक काकांनी समजावलं. मोटरला कमी वीज मिळते तेव्हा अडलेलं चाक हलवण्याइतका जोर तिच्यात नसतो. आपण पाय आणखी दाबतो. चाक एकदा सुटलं की तेवढीच वीज त्याला भरधाव पळवायला पुरते. मशीन कोरडी असेल तर ही उडी आणखी मोठी. त्यामुळे पहिला उपाय फुकटातला: फक्त शिलाई मशीनचं तेल, पुस्तिकेत दाखवलेल्या जागी एकेक थेंब, मग रद्दी कापडावर दोन मिनिटं चालवून जास्तीचं तेल निघू द्यायचं. खोबरेल घालू नका, ते कालांतराने चिकट होऊन बसतं. आईने मला हे क्लासच्या आधीपासून सांगितलं होतं आणि तरी मी नव्या मशीनला "नवी आहे, कशाला" म्हणून तीन महिने तेल घातलं नव्हतं. तेल घातल्यावर फरक पडला, पण पेडलची खोड गेली नाही.

इथे एका बाबतीत मला माझं मत बदलावं लागलं, तेही लिहिते. सुरुवातीला कापडाखाली दोऱ्याचा गुंता होत होता आणि मी मैत्रिणींना सांगत सुटले होते की मशीनच खराब आली. दोष माझा होता. मी फूट, म्हणजे कापड दाबून धरणारी पट्टी, खाली टेकवून दोरा ओवत होते. आईच्या मशीनवर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या बाहेर दिसतात, दोरा त्यांच्यात नीट बसला की नाही ते डोळ्याने कळतं. या मशीनमध्ये त्या आत लपलेल्या आहेत आणि फूट वर असेल तेव्हाच उघडतात. खाली असताना ओवलं तर दोरा चकत्यांच्या बाहेरून जातो, त्याला ताण राहत नाही, आणि गुंता खाली दिसत असल्याने आपण बॉबिनला दोष देत बसतो. फूट वर, मग दोरा. एवढं पाळल्यापासून एकदाही गुंता झालेला नाही. सुईचंही तसंच. पाकिटावर एचए×1 लिहिलेली, एका बाजूने चपट्या दांड्याची सुई घ्यायची आणि समोरून बॉबिन बसणाऱ्या मशीनला चपटी बाजू मागे करून लावायची. टेलर लोकांच्या मोठ्या मशीनची गोल दांड्याची डीबी×1 हिला चालत नाही. सुती ब्लाउजला 14 नंबर, पातळ अस्तराला 11, जीन्सची खालची दुमड घालायला 16. जीन्सच्या बाजूच्या जाड शिवणीवर आधी बत्त्याने चार ठोके द्या आणि तेवढे टाके हाताने चाक फिरवून घाला, सुई मोडत नाही.

आता संक्रांतीनंतरची कथा. तक्रार नोंदवली, नवव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. पेडल उघडलंही नाही. "वापराने गेलंय, पेडल वॉरंटीत येत नाही," म्हणाला आणि भेटीचे 350 रुपये मागितले. मी दिले, कारण ऑफिसला उशीर होत होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं. रात्री अभ्यासाला बसले तर समोर सहकारी संस्था अधिनियम 1960 चं कलम 81, हिशेबतपासणीचं. कागद पाहिल्याशिवाय बोलायचं नाही हे मी रोज वाचते, आणि माझं स्वतःचं वॉरंटी कार्ड कपाटात पडलेलं. काढून वाचलं. मागच्या पानावर स्पष्ट छापलेलं: मोटर व पेडल, एक वर्ष.

त्या ओळीचा आणि बिलाचा फोटो काढला, सर्व्हिस सेंटरला पाठवला. उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली. पैसे लागत नाहीत. तिथे मिटलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, हेही वाचून ठेवलं होतं. तेवढी वेळ आली नाही. पाचव्या दिवशी कंपनीचा फोन आला, आवाज एकदम मऊ, आणि आठवड्यात नवं पेडल घरपोच. 350 रुपये मात्र परत आले नाहीत. माझ्या वहीत ते अजून "येणे" म्हणून लिहिलेले आहेत.

नवं पेडल जोडलं. पाय ठेवला. गुणगुण, गुणगुण, आणि सात टाके पळाले. तेच पेडल, तीच उडी. भांडून मिळवलं ते हेच, म्हणून मी खरंच खचले.

शनिवारी जुनं पेडल पिशवीत घालून बसने निघाले आणि रविवार पेठ गाठली. बोहरी आळीतल्या गर्दीतून वाट काढत विचारत गेले. एका छोट्या दुकानात काका बसले होते, भोवती काळ्या मशीनींची डोकी. त्यांनी पेडल उघडून आतला फुगलेला कपॅसिटर दाखवला. "ताई, हा असा आतून जोडला गेला की पाय असो नसो, मोटरला वीज जातच राहते. घरात लहान मूल आहे का?" मी हो म्हटलं. "मग उठलात की पिन काढायची. बटणावर भरवसा नको." हे वाक्य त्यांनी जाईपर्यंत तीनदा ऐकवलं.

मग मी उडीबद्दल विचारलं. त्यांनी आतून दुसरं पेडल आणलं, इलेक्ट्रॉनिक, 550 रुपये. माझ्या मशीनच्या मोटरचे वॅट आणि पिनचा आकार विचारून घेतला, कारण दोन्ही जुळल्याशिवाय दुसरं पेडल लावू नये. मी मोटरवरच्या पट्टीचा फोटो नेला होता, तुम्हीही न्या. दुकानातल्या मशीनला जोडून त्यांनी मला पाय ठेवायला सांगितलं. सुई खाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली. एकेक टाका, माझ्या पायाच्या मर्जीने. मी भर दुकानात "अगं बाई" म्हणाले. बारा वर्षांनी आईची मशीन पायाखाली आल्यासारखं झालं.

त्याच रात्री कटोरी ब्लाउजचा गळा एका बैठकीत झाला, न उसवता. सासूबाई सकाळी म्हणाल्या, "काल शिवायला बसली नव्हतीस का?" हळू चालली की आवाजही निम्म्यावर येतो, हे मला तेव्हा कळलं. मशीनखाली जुन्या गोधडीचा तुकडा चौपदरी करून ठेवते, त्याने टेबलाचा घुमारा जातो.

म्हणून 21 टाक्यांसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी विचार करा. आठ महिन्यांत मी तीनच वापरले: सरळ, झिगझॅग आणि काज. फुलापानांचे टाके पहिल्या दिवशी लेकीने कापडावर काढून पाहिले, त्यानंतर ती चकती तिकडे फिरली नाही. झिगझॅग मात्र सोन्यासारखा आहे. साडीचा पिको तितका बारीक येत नाही, पण माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) झिगझॅगने मारली की इंटरलॉकसाठी कोणाकडे जावं लागत नाही. मायेवरून आठवलं: वाढत्या मुलीच्या कपड्यात बाजूला दीड इंच माया ठेवा. गौरीच्या सणाला लेकीला शिवलेलं परकर-पोलकं मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उसवून सैल केलं आणि ते अजून एक वर्ष जाईल.

पैशाचं विचाराल तर माझ्याकडे पै-पैचा हिशेब आहे. मशीन 10,800, कात्री 650, दोरे-सुया-बॉबिन 430, पेडल 550 आणि ते 350, असे 12,780 गेले. आमच्याकडे अस्तराच्या ब्लाउजची शिलाई 650 ला पोचली आहे. अस्तराचे पैसे वजा जाता एका ब्लाउजमागे 550 वाचतात, सात झाले, म्हणजे 3,850. पाच साड्यांचे फॉल, हाताने लावून, 600. फ्रॉक, परकर-पोलकं, पडदे, उशांचे अभ्रे, नवऱ्याच्या पँटींच्या दुमडी मिळून 1,850. एकूण 6,300 वाचले, 6,480 अजून फिटायचे आहेत. यात माझ्या वेळेची किंमत धरलेली नाही, कारण ती वेळ मला विश्रांतीची वाटते. दोन तास खतावणी-तेरीज करून मान आखडते, मग दहा मिनिटं कापड सुईखालून सरकवलं की डोकं मोकळं होतं आणि पुढचं कलम वाचायला जमतं. मार्चपासून मात्र नियम केला आहे: आधी एक धडा, मग मशीनचं झाकण काढायचं.

घ्यायची असेल तर दुकानात एवढं करून पाहा. तयार लावून ठेवलेल्या मशीनवर तुमच्याजवळचा सुती तुकडा ठेवा आणि विक्रेत्याला सांगा, मला तीन टाके घालून थांबायचंय. तीनच. जमलं तर घ्या. तो "हाताने चाक फिरवा ताई" म्हणाला तर इलेक्ट्रॉनिक पेडलचे 500-600 रुपये किमतीत धरून घासाघीस करा. आणि वॉरंटी कार्डाचं मागचं पान तिथेच उभ्याने वाचा. कंपनीचं पेडल फेकू नका, वॉरंटीच्या दुरुस्तीला मशीन देताना तेच जोडून द्यावं लागतं.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग माझी पायमशीन का नेत नाहीस? इथे तिच्यावर कपड्यांचे ढीग ठेवतोय आम्ही." गुरुवारी दिवसभर वीज गेली की ही मशीन नुसती बसून असते, तेव्हा ती कामाला येईल. काकांना विचारलं, चामड्याचा पट्टा त्यांच्याकडे आहे. गॅलरीत साडेतीन फूट जागा निघते, नवऱ्याने टेप लावून पाहिलं. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की सासवडला टेम्पो घेऊन जायचं आहे.