विद्यापीठाची सुरक्षा: आयएसओ ४५००१ चं प्रमाणपत्र की स्वतःचा कक्ष?

कोकणातल्या विद्यापीठाचा पसारा कारखान्यासारखा एका कुंपणात मावत नाही. एकाच कुलसचिवांच्या कारभारात रसायनशाळा, कीटकनाशकांचं कोठार, माडावर चढणारे पाडेली आणि मत्स्य विभागाची नौका येते. सुरक्षेची घडी बसवायची तर दोन वाटा असतात: कामाच्या जागेवरच्या सुरक्षा आणि आरोग्यासाठीच्या, २०१८ सालच्या आयएसओ ४५००१ या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र घ्यायचं, किंवा स्वतःचा सुरक्षा कक्ष उभारायचा.

खरा फरक वरिष्ठांच्या बांधिलकीत दिसतो. आयएसओचं पाचवं कलम उत्तरदायित्व थेट सर्वोच्च व्यवस्थापनावर टाकतं. कामं वाटून देता येतात, उत्तरदायित्व नाही. ठरावीक काळाने व्यवस्थापनाने स्वतः आढावा घ्यावा लागतो आणि त्याची नोंद प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा परीक्षक मागतो. कक्षाच्या वाटेवर हा धाक नसतो. बहुतेकदा परिपत्रक निघतं, एक ज्येष्ठ प्राध्यापक अध्यक्ष होतात, पण त्यांच्या हाती ना खर्चाचे अधिकार ना काम थांबवण्याचे. मग डोळे धुण्याच्या नळाची मागणी निविदेत अडकते आणि ३१ मार्चला निधी परत जातो. म्हणून कक्ष निवडत असाल तर व्यवस्थापन परिषदेकडून स्वतंत्र लेखाशीर्ष, ठरावीक रकमेपर्यंत थेट खरेदी आणि धोकादायक काम जागीच थांबवण्याचा अधिकार आधी मंजूर करून घ्या. समितीची नावं नंतर ठरली तरी चालतील.

माणसांचा हिशेब दोन्हीकडे वेगळा. आयएसओच्या व्याख्येत कंत्राटी आणि रोजंदारी माणसंही 'कामगार'च, त्यामुळे पाडेल्याला वगळता येत नाही. विद्यार्थी मात्र त्या व्याख्येत आपोआप बसत नाहीत, आणि प्रयोगशाळेत ॲसिड हाताळतात तेच. कक्षाच्या नियमावलीत त्यांना पहिल्या दिवसापासून घेता येतं. प्रमाणपत्राची व्याप्ती मुख्य इमारतीपुरती लिहून शेत आणि जेटी बाहेर ठेवण्याचा मोह होतो. तसं कराल तर पैसे कागदावर गेले म्हणून समजा.

रोजच्या देखरेखीत कक्ष सरस. प्रमाणपत्र ३ वर्षांचं असतं आणि मधे वर्षातून एकदा पाहणी होते. खारा वारा एवढा थांबत नाही. डोळे धुण्याचा नळ धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांत गाठता यावा आणि सलग १५ मिनिटं वाहावा. जीआय (जस्ताचा लेप दिलेला लोखंडी) पाइप असेल तर वापराविना त्यात गंजाचं लाल पाणी साचतं, म्हणून तो दर आठवड्याला सोडून पाहावा लागतो. अग्निशामकाची पिन आणि दाबमापक महिन्याला बघायचे. ओल्या प्रयोगशाळेत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा, आणि त्याचं टेस्ट बटण मिरगाच्या आधी दाबून पाहायलाच हवं. हे काम जागेवरच्या माणसाचं, बाहेरून येणाऱ्या परीक्षकाचं नव्हे.

आपत्कालीन तयारीत आयएसओची शिस्त उपयोगी पडते, कारण योजना लिहून थांबता येत नाही, तिची रंगीत तालीमही घ्यावी लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडात वीज आणि मोबाइल दिवसेंदिवस बंद होते. पंखे बंद पडल्यावर विषारी वाफ सोडणाऱ्या फॉर्मॅलिनच्या खोलीत कोण जाणार, किल्ली कोणाकडे, फोनशिवाय निरोप कसा, हे तालमीतच उघडं पडतं.

आधी कक्ष, दोन पावसाळे काढून मग प्रमाणपत्र, हा क्रम आम्हाला पटतो. अपघात आणि थोडक्यात टळलेले प्रसंग दोन वर्षं नोंदवलेले असले, तर परीक्षणाच्या पहिल्या टप्प्यातली कागदपत्रं नव्याने रचावी लागत नाहीत. याला अपवाद एकच: उद्योगांसाठी सशुल्क चाचण्या करत असाल आणि ग्राहकच प्रमाणपत्र मागत असेल, तर सुरुवात तिथूनच करा. प्रमाणपत्र देणारी संस्था निवडताना तिला एनएबीसीबीची (अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या भारतातल्या मंडळाची) मान्यता आहे का ते पाहा, आणि जो सल्ला देतो तोच प्रमाणपत्रही देतो असं निघालं तर दुसरी संस्था शोधा. वार्षिक पाहणीची तारीख दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत न ठेवता जुलैत मागून घ्या.