एकाच पोलिसाचे दोन सिनेमे: ‘बाइशे श्रावण’ आधी पाहावा की ‘दशम अवतार’?

बंगाली थ्रिलर बघायचाय, पण सुरुवात कुठून करू, असा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. सीरियल किलर आणि त्याच्या मागावरचे पोलीस हा विषय असेल तर नावं हमखास दोनच येतात. एक ‘बाइशे श्रावण’ (2011), दुसरा ‘दशम अवतार’ (2023). दिग्दर्शक एकच, सृजित मुखर्जी. मुख्य पोलिसही एकच, प्रसेनजित चटर्जींनी साकारलेला प्रबीर रायचौधुरी. दुसरा सिनेमा पहिल्याच्या आधीची गोष्ट सांगतो. त्यामुळे घोळ होतो: गोष्टीच्या क्रमाने बघायचं की सिनेमे आले त्या क्रमाने?

माझं उत्तर पक्कं आहे. आधी ‘बाइशे श्रावण’. आणि आज रात्री एकच सिनेमा बघणार असाल, तरीही तोच. का ते सांगतो. त्यात शेवट उघड होणार नाही याची काळजी घेतली आहे.

नावापासूनच सुरुवात करू. ‘बाइशे श्रावण’ म्हणजे बावीस श्रावण. आपल्याला श्रावण म्हटला की शुद्ध-वद्य आठवतं, तिथी आठवते. बंगालचं पंचांग सौर आहे, तिथे श्रावणाची बावीसवी तारीख दरवर्षी इंग्रजी ऑगस्टच्या त्याच एक-दोन दिवसांवर येते. बंगाली सन 1348 मध्ये ही तारीख 7 ऑगस्ट 1941 ला आली आणि त्या दिवशी रवींद्रनाथ ठाकूर गेले. बंगाली माणसाला ‘बाइशे श्रावण’ एवढं म्हटलं तरी पुरतं, पुढे काही सांगावं लागत नाही. अशी तारीख खुनाच्या सिनेमाला नाव म्हणून देणं हेच धाडस होतं.

गोष्ट अशी. कोलकात्यात एकामागून एक खून पडतायत आणि प्रत्येक प्रेताजवळ बंगाली कवितेच्या ओळी सापडतायत. तरुण अधिकारी अभिजित पाकडाशी (परमब्रत चटर्जी) तपासात अडकून पडतो. मग वरिष्ठ नाइलाजाने एका निलंबित अधिकाऱ्याला गाठतात. हा प्रबीर रायचौधुरी. तोंडाने शिवराळ, हातात सतत बाटली, आरोपीला बडवण्यात पटाईत आणि डोकं मात्र कोणाकडेही नसेल असं. परमब्रत आपल्या ओळखीचा आहे. ‘कहानी’मधला विद्याला मदत करणारा तो साधा पोलीस, राणा. ‘कहानी’ हा ‘बाइशे श्रावण’नंतर काही महिन्यांनीच आला. प्रसेनजित हे हिंदी सिनेमातल्या विश्वजीत यांचे चिरंजीव, ‘ज्युबिली’ या मालिकेत स्टुडिओचे मालक झाले होते ते.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पुण्यात, आमच्या सोसायटीतल्या एका बंगाली कुटुंबाकडे पाहिला. त्यांचा मुलगा माझा मित्र. पडद्यावर प्रेताशेजारचा कागद आला, त्यावरची ओळ दिसली. मी खाली सबटायटल वाचतोय तोवर स्वयंपाकघरातून त्याच्या आईने ती कविता पुढे म्हणायला सुरुवात केली. हात पिठाने भरलेले, तशाच दारात येऊन उभ्या राहिल्या आणि कडवं संपवूनच परत गेल्या. खुनी मागे सोडतोय तो पुरावा त्या घरात शाळेपासून सगळ्यांना पाठ होता. या सिनेमाची भीती कुठून येते ते मला तेव्हा कळलं. आपल्याकडे दादरच्या एखाद्या गल्लीत प्रेताशेजारी बालकवींच्या किंवा मर्ढेकरांच्या ओळी सापडल्या तर जसं होईल तसं. परका कोणी नाही, आपल्याच वर्गात आपल्याच बाकावर बसलेला कोणीतरी हे करतोय.

आणि मग येतो निबारण चक्रवर्ती. गौतम घोष यांनी केलेला हा म्हातारा कवी. हो, नसीरुद्दीन शाह आणि शबाना आझमींचा ‘पार’ करणारे तेच दिग्दर्शक गौतम घोष. इथे ते अभिनेते आहेत आणि सिनेमाचा जीव आहेत. निबारण ‘हंग्री’ म्हणजे भुकेल्या पिढीच्या बंडखोर चळवळीतला कवी, त्याच्या कविता कोणी छापत नाही. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवरून तो कविता म्हणत फिरतो. मराठी वाचकाला हा माणूस लांबचा वाटणार नाही. 1961 साली मलय रायचौधुरी, शक्ती चट्टोपाध्याय आणि त्यांच्या मित्रांनी ही चळवळ सुरू केली. 1964 मध्ये अश्लीलतेवरून अटका झाल्या. मलय यांना एका कवितेसाठी खालच्या कोर्टात शिक्षा झाली आणि 1967 मध्ये हायकोर्टाने सोडलं. त्याच दशकात आपल्याकडे मुंबईत लघुअनियतकालिकं, म्हणजे बंडखोर लेखकांची छोटी, जमेल तेव्हा निघणारी मासिकं, निघत होती. त्यातले अशोक शहाणे तर बंगाली साहित्य थेट मराठीत आणणारे. तिकडची भूक आणि इकडचा राग यांचं नातं सांगायला लांब जावं लागत नाही.

निबारण चक्रवर्ती हे नावही सहज आलेलं नाही. रवींद्रनाथांच्या ‘शेषेर कविता’ या कादंबरीत नायक अमित रवींद्रनाथांवर तोंडसुख घेतो आणि त्यांच्याऐवजी ज्या नव्या कवीचं कौतुक करतो त्याचं नाव निबारण चक्रवर्ती. तो कवी म्हणजे खुद्द अमितच. म्हणजे रवींद्रनाथांनीच उभा केलेला, रवींद्रनाथांना नाकारणारा कवी. ते नाव उचलून सृजित यांनी सिनेमातल्या कवीला दिलं. हे माहीत नसलं तरी सिनेमा कळतो. माहीत असलं तर निबारण तोंड उघडतो तेव्हा आणखी काहीतरी ऐकू येतं.

आता ‘दशम अवतार’. 19 ऑक्टोबर 2023 ला, ऐन दुर्गापूजेत आला. बंगालमध्ये पूजेला सिनेमा लागणं म्हणजे आपल्याकडे दिवाळीला येणं. सगळं घर मिळून जातं, आणि सिनेमा त्या बेतानेच बनवलेला असतो. त्या आठवड्यात चार मोठे बंगाली सिनेमे एकदम लागले होते. इथला प्रबीर अजून नोकरीत आहे, रुबाबात आहे. जोडीला इन्स्पेक्टर पोद्दार (अनिर्बाण भट्टाचार्य). हा पोद्दार सृजित यांच्याच ‘व्हिंची दा’ (2019) मधून आलाय. म्हणजे दोन वेगळ्या सिनेमांतले दोन पोलीस इथे एकत्र आणले आहेत. खुनी आहे यीशू सेनगुप्ता, ‘बर्फी’मध्ये पाहिला असेल. हे सांगून मी काही फोडत नाही, सिनेमाच ते लपवत नाही. तो स्वतःला विष्णूचा दहावा अवतार समजतो आणि एकेका अवताराला धरून खून करतो. मानसोपचारतज्ज्ञ मैत्रेयीच्या भूमिकेत बांगलादेशच्या जया अहसान आहेत.

इथे मराठी प्रेक्षकाला एक सोय आहे. कवितेच्या ओळी आपल्याला पाठ नसतात, दशावतार असतात. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह... कोकणातल्या माणसाने तर देवळासमोरच्या मांडवात ते पाहिलेले असतात. पुढचा खून कोणत्या अवताराचा हे आपण पोलिसांच्या आधी ओळखतो. (कोकणाचं आणि बंगालचं हे नातं जुनं आहे. सावंतवाडीत दशावतारी गंजिफा रंगवतात, दहा अवतारांचे 120 पत्ते. बंगालमधल्या बिष्णुपूरला असेच गोल दशावतारी पत्ते बनतात.) ‘बाइशे श्रावण’मध्ये आपण बंगाली घराच्या दाराबाहेर उभे असतो. ‘दशम अवतार’मध्ये थेट आत जाऊन बसतो.

तरीही मी पहिल्याच्याच बाजूने का? दोन्ही सिनेमे वेगळे प्रश्न विचारतात म्हणून. ‘बाइशे श्रावण’ विचारतो: कोण? आणि ते विचारता विचारता माणसं उलगडत जातो. प्रबीर आणि अभिजित यांचं नातं हळूहळू बदलतं. सुरुवातीला किळस, मग धाक, मग एक प्रकारची माया. ‘दशम अवतार’ विचारतो: आता पुढचा वार कसा होईल, आणि हे दोघे वेळेत पोचतील का? प्रबीर आणि पोद्दार यांची जुगलबंदी चुरचुरीत आहे, एकमेकांना टोमणे मारायची एकही संधी दोघं सोडत नाहीत, टाळ्या घेणाऱ्या जागा भरपूर आहेत. अनिर्बाण तर दिसेल त्या प्रसंगात बाजी मारतो. पण बऱ्याच गोष्टी पात्रं बोलून सांगतात, आपण बघून ओळखावं अशा कमी राहतात. पोद्दारचं प्रेमप्रकरण कथेला मध्येच थोपवतं.

‘बाइशे श्रावण’लाही हे दुखणं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. अभिजित, त्याची पत्रकार मैत्रीण अमृता (राइमा सेन) आणि तिचा सहकारी सूर्य (अबीर चटर्जी) यांचा त्रिकोण मधल्या अर्ध्या तासात सैल पडतो. अनुपम रॉय यांचं संगीत सुंदर आहे, पण गाणी सुरू झाली की तपासाचा धागा जरा ढिला होतो. तिथे कंटाळा आला तर सिनेमा बंद करू नका. पुढे जे येतं त्यासाठी ही माणसं आपली वाटायला हवीत, आणि तो अर्धा तास त्याच कामी लागलेला असतो.

क्रमाचंही कारण इथेच आहे. ‘दशम अवतार’मधला प्रबीर बघताना, बारा वर्षांपूर्वी आलेल्या सिनेमात याचं काय झालं हे आपल्याला माहीत असावं, असं धरूनच तो लिहिलेला आहे. त्याचा राग, त्याचं कायद्याला बगल देणं, पोद्दारला दिलेले सल्ले, हे सगळं पुढचं माहीत असेल तर अंगावर येतं. माहीत नसेल तर नुसता एक दबंग पोलीस दिसतो. उलट क्रमाने पाहिलं तर ‘बाइशे श्रावण’ची मोठी गंमत बोथट होते. प्रबीर दारात पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो कोण, कसा, किती भरवशाचा याचा आपल्याला काहीच अंदाज नसावा. सृजित यांनी त्यावरच सगळा डाव मांडलाय.

घरात बारा-तेरा वर्षांची मुलं बरोबर बसणार असतील तर दोन्ही नकोत. शिव्या दोन्हीकडे आहेत, पहिल्यात जास्त. सबटायटलमध्ये त्या बऱ्याच सौम्य होऊन येतात, कानाला मात्र कळतात. आई-वडिलांना घेऊन सणाच्या दिवशी काहीतरी वेगवान बघायचंय, मधे फोन आला तरी धागा सुटू नये असं हवंय, तर ‘दशम अवतार’ घ्या, बिनधास्त. एकट्याने किंवा दोघांनी, दिवे मालवून, फोन बाजूला ठेवून बघणार असाल तर ‘बाइशे श्रावण’.

याच गोष्टींशी जोडलेल्या बाकीच्या दोन सिनेमांबद्दल थोडक्यात. ‘द्वितीय पुरुष’ (2020) हा ‘बाइशे श्रावण’च्या पुढची गोष्ट. अभिजितचं आता लग्न झालंय आणि संसाराचं काही खरं नाही. खोका नावाचा खुनी पंचवीस वर्षांनी तुरुंगातून सुटतो आणि चायना टाऊनमध्ये पुन्हा प्रेतं सापडायला लागतात, कपाळावर त्याचं नाव कोरलेली. नाव मराठी माणसाला सबटायटलशिवाय कळतं, कारण ‘द्वितीय’ आणि ‘पुरुष’ हे दोन्ही शब्द आपल्याकडेही तेच. हा शेवटी जोरात धक्का देतो, पण धक्क्यासाठी बरंच ओढूनताणून जुळवावं लागलंय. ‘व्हिंची दा’ मला यापेक्षा जास्त आवडतो. रुद्रनील घोष यांचा साधा रंगभूषाकार, ऋत्विक चक्रवर्ती यांचा स्वतःलाच न्यायाधीश समजणारा खुनी, आणि या खुन्याच्या कामात तो रंगभूषाकार नकळत ओढला जातो. तो स्वतंत्रपणे पाहता येतो. ‘दशम अवतार’च्या आधी पाहिलात तर पोद्दार ओळखीचा होईल.

या सगळ्या सिनेमांत खुनी काहीतरी मागे सोडून जातो: ओळ, नाव, अवतार. खऱ्या कोलकात्यात 1989 साली फुटपाथवर झोपलेल्या तेरा माणसांची डोकी दगडाने ठेचली गेली आणि मागे फक्त दगड राहिला. त्याआधी 1985 ते 87 या काळात मुंबईत सायन आणि किंग्ज सर्कलच्या आसपास तसेच खून झाले होते. ‘स्टोनमॅन’ हे नाव दोन्ही शहरांनी घेतलं, खुनी दोन्हीकडे सापडला नाही. मेलेल्यांपैकी कित्येकांची ओळखही पटली नाही. त्या काळात सायनला राहणाऱ्या माझ्या मावशीकडून मी त्या रात्रींबद्दल ऐकलंय. माणसं फुटपाथवर एकमेकांना खेटून, आळीपाळीने जागत झोपायची. कवितेच्या ओळी ठेवणारा खुनी पडद्यावर बघताना मला दर वेळी ते लोक आठवतात.

शेवटची एक सूचना. ‘बाइशे श्रावण’ ठरवलात तर त्याआधी प्रबीर रायचौधुरी हे नाव इंटरनेटवर शोधू नका. नटांची यादी बघायला गेलात तरी खालच्या परिच्छेदात कथानक शेवटापर्यंत लिहिलेलं असतं. आणि सबटायटल इंग्रजीच मिळाले तर ‘यू’ या एका शब्दामागे आपनि, तुमि, तुई या तीन पायऱ्या दडलेल्या आहेत हे लक्षात ठेवा. आपल्या आपण, तुम्ही, तूसारख्याच. कोण कोणाला कधी ‘तुई’वर आणतो ते कानांनी ऐका.