कास की चाळकेवाडी? पितृपक्षातल्या एका रविवारासाठी

विसर्जन मिरवणूक संपली की पुण्यातल्या हॉस्टेलांवर दोन-तीन दिवस नुसती सामसूम असते, ढोलपथकातल्या पोरांचे खांदे आखडलेले, आवाज बसलेले, आणि मग कुणीतरी कॅलेंडर बघून म्हणतं अरे घट बसायला अजून पंधरा दिवस आहेत. पितृपक्ष, म्हणजे घरून साखरपुडा-वास्तुशांत असलं कसलंच बोलावणं नाही, पाऊस ओसरलेला, सबमिशन लांब. नेमका ह्याच सुमारास साताऱ्याच्या डोंगरावर फुलांचा बहर असतो आणि दरवर्षी ज्युनियर मंडळी मला तोच प्रश्न विचारतात, दादा, कासच्या पठारावर जायचं की ठोसेघर-चाळकेवाडीला?

मी दोन्हीकडे चार-पाच वेळा तरी गेलोय, बाईकवरून पण आणि एसटीने पण, तेव्हा जे वाटतं ते सांगतो. कास म्हणजे काय, 2012 चा जागतिक वारसा, 850 हून जास्त प्रजाती वगैरे सगळ्यांना पाठ असतं, ते परत सांगत बसत नाही. रस्ताही जवळपास सारखाच, दोन्ही साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरच्या आसपास, चाळकेवाडी थोडी पुढे. समर्थ मंदिराजवळून एक वाट यवतेश्वरच्या घाटाला लागते ती कासला, दुसरी बोगद्यातून सज्जनगडावरून ठोसेघरला आणि तशीच वर चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठाराकडे, फुलं तिथेही असतात.

आधी कासचं जे आहे ते मान्य करूया. फुलांची दाटी कासलाच. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, मधे गेंदाचे पांढरे ठिपके, हे असं सलग गालिच्यासारखं मी दुसरीकडे कुठेच बघितलेलं नाही आणि ज्याने आयुष्यात एकदाही कास बघितलं नाही त्याला मी चाळकेवाडीला जा म्हणणार नाही. शिवाय तिथे आजूबाजूच्या गावांतली पोरं गाईड म्हणून असतात, त्यांना नावं अशी तोंडपाठ की आपण घोळक्यात नुसते मागे मागे फिरलो तरी दहा-बारा फुलं ओळखायला शिकून येतो. आई-बाबांना घेऊन जाणार असाल किंवा ग्रुपमध्ये मुली असतील तर टॉयलेटची निदान काहीतरी सोय आहे, चाळकेवाडीला उघड्या सड्यावर, म्हणजे त्या खडकाळ पठारावर, ती नाही, हे आधीच सांगून ठेवतो कारण निघताना कुणाच्या लक्षात येत नाही आणि मग दिवसभर बिचाऱ्या पाणी न पिता फिरतात.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझं मन कासवरून उडालं ती. धुकं आणि स्लॉट (आत जायची आधी बुक केलेली ठरावीक वेळ), दोन्ही एकत्र.

पहिल्या वेळी आम्ही सहा जण होतो, तीन बाईक. आठ दिवस आधी हॉस्टेलच्या मेसमध्ये बसून सकाळचा स्लॉट बुक केला कारण रविवारचा बाकी काही शिल्लकच नव्हता. पहाटे साडेतीनला उठलो, खंबाटकीत थंडीने बोटं आखडली, साताऱ्यात चहा, यवतेश्वरचा घाट चढलो आणि वर पोचलो तर समोरच्या माणसाचं जर्किन दिसेना इतकं धुकं. गाड्या पार्किंगला, तिथून त्यांच्या बसने गेटवर, तिकीट दाखवून आत. आत सगळं पांढरं. वाटेच्या कडेची हातभर पट्टी दिसायची, त्यापुढे काही नाही. आम्ही चालत राहिलो, थांबलो, परत चाललो, दर पाच मिनिटांनी कुणीतरी म्हणायचं आता उघडेल बघ. 11 ला आमची वेळ संपत होती, पुढची माणसं रांगेत उभी होती, निघालो. आणि पार्किंगला येऊन हेल्मेट घालतोय तेवढ्यात ऊन पडलं. मागे वळून बघितलं तर लांबवर पिवळाधमक डोंगर, आणि आमच्या हातात वापरून झालेलं तिकीट.

ह्यात चूक कुणाचीच नाही, हे मनापासून म्हणतो. दिवसाला 3000 माणसांची मर्यादा आहे ती असायलाच हवी, नाहीतर पुण्या-मुंबईच्या गर्दीने ते पठार कधीच तुडवून टाकलं असतं. पण आठ दिवस आधी तारीख पण ठरवायची आणि तास पण ठरवायचे, आणि त्या डोंगरावरचं हवामान अर्ध्या तासात तीनदा बदलणार, हे गणित माझ्यासारख्याला जमत नाही. नंतर एकदा मंगळवारी दुपारी गेलो तेव्हा मस्त दिसलं, गर्दी निम्म्याहून कमी, ऊन-सावलीचा खेळ. पण मंगळवारी कॉलेज बुडवून जाणं प्रत्येकाला जमेलच असं नाही आणि मी तसा सल्लाही देणार नाही.

चाळकेवाडीला धुकं नसतं का, तर असतं, कदाचित जास्तच असतं. फरक एवढाच की तिथे थांबता येतं. एकदा असंच पोचलो, पवनचक्की डोक्यावर आहे हे नुसतं आवाजावरून कळत होतं, सूं... सूं... असं वरून यायचं आणि पातं काही दिसायचं नाही. आम्ही रस्त्याच्या कडेला गाड्या लावल्या, डब्यातल्या दशम्या काढल्या, ठेचा काढला, बसलो. काय घाई होती. पाऊणएक तासाने पायाशी उजेड वाढला, आधी जवळचे दगड दिसले, मग डबकी, मग एकदम समोरची पवनचक्की पायथ्यापासून टोकापर्यंत, आणि तिच्याखाली गेंद पसरलेले, प्रत्येक गोंड्यावर पाण्याचे बारीक थेंब.

त्या दिवशी मी पहिल्यांदा सीतेची आसवं नीट बघितली. कासला बघितली होती पण लांबून, निळ्या-जांभळ्या चादरीसारखी. इथे गुडघ्यावर बसून, नाक जवळजवळ मातीला. फूल करंगळीच्या नखाएवढं, दांडी दोऱ्यासारखी, आणि एवढं नाजूक दिसणारं झाड कीटकभक्षी आहे, मातीखाली पाण्यात त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात, त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. कारण हा सगळा जांभ्या दगडाचा सडा, वर मातीचा थर कुठे इंचभर कुठे तेवढाही नाही, पोषण कमी, म्हणून मोठं झाड रुजत नाही आणि म्हणूनच ह्या छोट्यांना जागा मिळते. त्याच डबक्यात वायतुरा पण होता, पाण्यातून वर आलेला दोन फाट्यांचा तुरा, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, आपोनोजेटॉन सातारेन्सिस. हे असं एका जागी अर्धा तास बसून बघणं मला कासला कधी जमलं नाही, मागून माणसं येत असतात, बरं वाटत नाही अडवून बसायला.

दिवसाचा हिशोब पण मला ठोसेघरच्या बाजूचा जास्त भरतो. फुलांनी दगा दिलाच तर धबधबा आहे, सप्टेंबरात त्याला पाणी असतं, आणि दुपारी उतरताना सज्जनगड, पायऱ्या चढून समर्थांच्या समाधीचं दर्शन आणि महाप्रसाद. गव्हाची खीर आणि आमटी-भात, थंडीत भिजून आल्यावर ते गरम जेवण पोटात गेलं की कसं वाटतं ते तिथेच कळतं. वेळ मात्र पाळा, उशीर झाला तर पंगती आटोपलेल्या असतात. कासच्या बाजूला तलाव आहे, पुढे बामणोली आहे, तेही सुंदरच, पण स्लॉटच्या मागेपुढे ते बसवताना ओढाताण होते असा माझा अनुभव, तुमचा वेगळा असेल.

चाळकेवाडीची एक गोष्ट मला खरंच सलते आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे अडवणारं कुणी नाही म्हणून लोक गाड्या सरळ सड्यावर घालतात, रील काढायला फुलांत लोळतात. त्या इंचभर मातीवरून एकदा चाक गेलं की तो चर तसाच राहतो, मी एका वर्षीचा चर पुढच्या वर्षी त्याच जागी बघितलाय, आत फक्त गढूळ पाणी. तेव्हा माझं ऐकून जाणार असाल तर गाडी डांबरावरच ठेवा आणि आत जाताना उघड्या दगडावर पाय देत जा. एवढं जमणार नसेल, ग्रुप फार मोठा आणि दंगेखोर असेल तर कासलाच जा, तिथे निदान शिस्त लावणारं कुणी आहे.

अजून एक, तारखेचं. 2025 ला घट 22 सप्टेंबरला बसले, पितृपक्ष बरोबर बहरात आला. 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, गणपतीच 14 सप्टेंबरला, म्हणजे पितृपक्षातला रविवार धरून बसलात तर सप्टेंबर संपत येईल नाहीतर ऑक्टोबर उजाडेल आणि तोवर बरंचसं ओसरलेलं असू शकतं. फुलं पंचांगावर नाही, पावसावर चालतात. अशा वर्षी पाच दिवसांचे गणपती उठले की लगेचचा रविवार बघा, पथकातली पोरं कुरकुर करतील, त्यांना सोडून जा. टोपली कारवीचं वर्ष असेल, हे झुडूप सात वर्षांनी एकदा फुलतं, तर मात्र मी पण गुपचूप कासचा स्लॉट बुक करीन, सकाळचा नाही, दुपारचा.

बाकी वर्षी मी बोगद्याच्या रस्त्याला. डबा घ्या, रेनकोट घ्या, पायात ग्रीप असलेले बूट घाला कारण ओल्या जांभ्यावर शेवाळं असतं, आणि धुकं दिसलं म्हणून लगेच गाडी वळवू नका, तासभर बसा.