लांबच्या प्रवासाला 160 सीसीची गाडी पुरते, की 350 घ्यावी?

घरात 125 किंवा 160 सीसीची गाडी आहे, ती रोज कामावर नेते-आणते आणि तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण कोकण, गोवा, हंपी आणि पुढे कधीतरी स्पिती-लडाख असे बेत मनात घोळू लागले, की 350 सीसीची गाडी घ्यावी का, हा प्रश्न उभा राहतो. मित्रमंडळींत याचे उत्तर ठरलेले असते: टूरिंग करायचे तर मोठे इंजिन हवेच. मला हे उत्तर अपुरे वाटते. प्रवास एकट्याने करायचा की डबल सीट, दिवसाला किती अंतर कापायचे आणि रस्ता कोणता, या तीन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. सीसीचा आकडा त्यांच्या मागून येतो. महाराष्ट्रात आणि आसपास एकट्याने फिरणाऱ्याला 160 ते 200 सीसीची गाडी पुरते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते कोठे लागू पडत नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

तुलनेसाठी रस्त्यावर नेहमी दिसणाऱ्या चार गाड्या घेऊ. हिरो स्प्लेंडर प्लस ही 97 सीसीची, सुमारे 8 अश्वशक्तीची आणि 112 किलोची गाडी. होंडा युनिकॉर्न 163 सीसीची, सुमारे 13 अश्वशक्तीची आणि साधारण 140 किलोची. हिरो एक्सपल्स 200 ही चार व्हॉल्व्हची गाडी सुमारे 19 अश्वशक्तीची आणि साधारण 160 किलोची, तर रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 ही 349 सीसीची, सुमारे 20 अश्वशक्तीची आणि 195 किलोची. यात पाहण्यासारखी गोष्ट अशी, की शेवटच्या दोन गाड्यांच्या ताकदीत जेमतेम एका अश्वशक्तीचा फरक आहे आणि वजनात मात्र तब्बल 35 किलोंचा. चालक आणि सामान मिळून 90 किलो धरले, तर दर टन वजनामागे एक्सपल्सला सुमारे 76 अश्वशक्ती मिळते, क्लासिकला 70, युनिकॉर्नला 57 आणि स्प्लेंडरला 40. म्हणजे एकट्याने जाताना 350 सीसीची गाडी 200 सीसीच्या गाडीपेक्षा जास्त पळेल, ही समजूत आकड्यांवर टिकत नाही.

फरक आहे तो टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओढण्याच्या जोरात. क्लासिकचा 27 न्यूटन-मीटरचा टॉर्क 4,000 आरपीएमलाच, म्हणजे इंजिन मिनिटाला 4,000 फेरे घेत असतानाच मिळतो. एक्सपल्सचा सुमारे 17 न्यूटन-मीटरचा टॉर्क मिळवण्यासाठी इंजिन 6,500 पर्यंत फिरवावे लागते. घाटात वळण घेतल्यावर मोठी गाडी त्याच गिअरमध्ये शांतपणे ओढते, तर छोट्या गाडीला गिअर खाली टाकून इंजिन फिरते ठेवावे लागते. चढ दोघी चढतात, वेळेतही फार फरक पडत नाही. पण दिवसभर घाटच असतील तर हाता-पायांना होणारे हे जास्तीचे काम संध्याकाळी जाणवते. ज्याला गिअर टाकत गाडी चालवण्यात आनंद वाटतो त्याला याचे काहीच वाटणार नाही आणि ज्याला निवांत चालवायचे आहे त्याला ते नकोसे होईल. हा आवडीचा भाग आहे, क्षमतेचा नव्हे.

आता वेगाकडे वळू, कारण मोठ्या इंजिनाच्या बाजूने सर्वांत जास्त बोलले जाते ते वेगाबद्दल. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि वांद्रे–वरळी सागरी सेतू या चारही ठिकाणी दुचाकींना बंदी आहे. जेथे 100 चा वेग तासन्तास धरता आला असता, ते रस्ते आपल्यासाठी बंदच आहेत. उरलेल्या रस्त्यांवर, केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार, मोटरसायकलची कमाल मर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर ताशी 80 किलोमीटर आणि इतर साध्या रस्त्यांवर 60 किलोमीटर अशी आहे. युनिकॉर्नसारखी गाडी 75-80 चा वेग न कुरकुरता धरून ठेवते. स्प्लेंडरचे मात्र 80 म्हणजे जवळजवळ शेवटचे टोक. तिचा सुखाचा वेग 55 ते 65 चा, आणि त्यापलीकडे हँडल आणि फूटरेस्टमधून येणारे व्हायब्रेशन तासाभरात हात बधिर करते. यामागे साधे कारण आहे. हवेचा विरोध तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 60 वरून 80 वर जायचे तर त्यासाठी जवळजवळ 2.4 पट शक्ती लागते. समोरून वारा असेल तर हा हिशेब आणखी कडक होतो, आणि मागे माणूस व दोन्ही बाजूंना सॅडल बॅगा असतील तर त्याहूनही.

ओव्हरटेक करणे हा मुद्दा मात्र मी सर्वांत गंभीरपणे घेतो, कारण तेथे प्रश्न आरामाचा नसून जिवाचा असतो. दुपदरी रस्त्यावर भरलेला ट्रक 40 च्या वेगाने पुढे चालला आहे अशी कल्पना करा. ट्रकची लांबी 12 मीटर आणि मागे-पुढे सुरक्षित अंतर 15-15 मीटर धरले, तर आपल्याला ट्रकच्या तुलनेत 42 मीटर जास्त जायचे असते. डबल सीट आणि चढ असताना स्प्लेंडरला ट्रकपेक्षा सरासरी 10 किलोमीटरच जास्त वेग मिळाला, तर या कामाला 15 सेकंद लागतात. तेवढ्यात आपण 200 मीटर पुढे जातो आणि समोरून 60 ने येणारी गाडी 250 मीटर जवळ येते; म्हणजे रस्ता साडेचारशे मीटरपर्यंत मोकळा दिसल्याशिवाय बाहेर पडायचे नाही. हाच फरक 20 किलोमीटरचा असेल तर साडेसात सेकंदांत काम होते आणि अडीचशे मीटर पुरतात. आंबोली किंवा ताम्हिणीच्या वळणांवर साडेचारशे मीटर सरळ रस्ता क्वचितच दिसतो. तेथे स्प्लेंडरच्या चालकाने ट्रकच्या मागे राहण्याची मनाची तयारी ठेवलीच पाहिजे, आणि ज्याची ती तयारी नसेल त्याने या वर्गातली गाडी घेऊन दुपदरी घाटरस्त्याला जाऊ नये. एकट्याने जाणाऱ्या युनिकॉर्नचे गणित या दोन टोकांच्या मध्ये, पण बरेचसे दुसऱ्या टोकाजवळ बसते.

ब्रेकचाही विचार येथेच करावा. 125 सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना 1 एप्रिल 2019 पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. त्याखालच्या गाड्यांत ती सक्ती नव्हती आणि पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा पुरेशी मानली गेली. पावसाळ्यात घाट उतरताना, रस्त्यावर माती वाहून आलेली असताना, एबीएसचा फरक मी इंजिनाच्या आकारापेक्षा मोठा मानतो. 125 आणि 160 यांत निवड करायची असेल तर माझ्या दृष्टीने हे एकच कारण 160 साठी पुरेसे आहे.

रस्ता बदलला की पारडे उलटे फिरते. अलिबाग, मुरूड करत आगरदांड्याला जायचे, जंगलजेटीतून, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीतून, दिघीला उतरायचे, श्रीवर्धन–हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून वेसवीला, तेथून केळशी, आंजर्ले, दापोली, मग दाभोळ–धोपावे आणि पुढे तवसाळ–जयगड: हा किनाऱ्याचा प्रवास कोणत्याही गाडीने केला तरी सरासरी वेग ताशी 30-35 च्या वर फारसा जात नाही. रस्ता अरुंद, चढ-उतार तीव्र, वळणे आंधळी, आणि गावातून जाताना एका बाजूला गडगा तर दुसऱ्या बाजूला पोफळीची वाडी. बोटीत चढताना धक्क्याचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, मागे गाड्यांची रांग असते आणि पुढचे चाक लोखंडी फळीवर ठेवताना पाय घट्ट रोवावा लागतो. तेथे 140 किलोची गाडी एकट्याच्या हाताने मागे-पुढे सरकते. 195 किलोच्या गाडीला सामानासकट बोटीत वळवताना दुसऱ्याची मदत लागते. वाट चुकून उतारावर गाडी वळवण्याची वेळ आली, किंवा लाल चिखलात ती आडवी झाली, तर उचलताना प्रत्येक किलो कळतो. ज्यांचे फिरणे मुख्यतः कोकणातले आणि सह्याद्रीच्या आडवाटांवरचे आहे, त्यांनी 350 वर पैसे खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. येथे एक्सपल्स सर्वांत सरस ठरते, पण तिच्या सीटची उंची 825 मिलिमीटर आहे. ज्यांचे पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत त्यांना तिचा हलकेपणा फारसा उपयोगी पडणार नाही. युनिकॉर्नची सीट सुमारे 800 मिलिमीटरवर, म्हणजे बऱ्याच जणांना सोयीची आहे.

हिमालयाबद्दलही थोडे लिहिले पाहिजे, कारण 350 घेण्यामागे लडाखचे स्वप्न असतेच. पाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो आणि त्याच प्रमाणात इंजिनाची ताकद घटते. खारदुंगला 5,359 मीटरवर आहे. तेथे युनिकॉर्नच्या 13 अश्वशक्तींपैकी सातच्या आसपास आणि क्लासिकच्या 20 पैकी अकराच्या आसपास उरतात. बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक नियम आल्यानंतर बहुतेक गाड्यांत इंधन इंजेक्शन आल्यामुळे कार्बोरेटरच्या काळात गाडी जशी गुदमरायची तशी आता गुदमरत नाही, पण हवाच कमी असल्याने ताकद परत येत नाही. एकट्याला सात अश्वशक्ती पुरतात. स्कूटरवरून खारदुंगला गाठणारेही आहेत. डबल सीट आणि पंधरा दिवसांचे सामान घेऊन मात्र त्या चढावर छोटी गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगते आणि क्लच जळण्याची वेळ येते. दोघांनी जायचे असेल तर तेथे 350 किंवा त्याहून मोठी गाडी हवी. पण आयुष्यात एकदा किंवा दोनदा होणाऱ्या या प्रवासासाठी आधीपासून मोठी गाडी विकत घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. लेहमध्ये ती भाड्याने मिळते.

पेट्रोलच्या टाकीची काळजी मोठ्या आणि छोट्या दोन्ही गाड्यांच्या बाबतीत अनाठायी आहे. मनाली–लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावरची, पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याचे सांगणारी पाटी प्रसिद्ध आहे. स्प्लेंडरची टाकी 9.8 लिटरची असली तरी 60 च्या अ‍ॅव्हरेजने ती साडेपाचशेच्या पुढे जाते. बाकी तिन्ही गाड्यांच्या टाक्या 13 लिटरच्या असून सर्वांत कमी अ‍ॅव्हरेज देणारी क्लासिकही 33 च्या हिशेबाने सव्वाचारशे गाठते. पेट्रोलच्या बचतीचा मुद्दाही मोठा करू नये. दोन हजार किलोमीटरच्या सहलीत स्प्लेंडर आणि क्लासिक यांच्यात 27 लिटरच्या आसपास फरक पडतो, तो गाडीच्या किमतीतल्या फरकापुढे किरकोळ आहे. किमतीचे म्हणाल तर सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांना 40 टक्के लागू झाला, त्यामुळे 349 सीसीच्या गाडीला मिळालेला फायदा 450 च्या गाडीला मिळत नाही. थर्ड पार्टी विम्यात तर 150 ते 350 सीसी हा एकच गट आहे. युनिकॉर्न आणि क्लासिक दोघींना हप्ता सारखाच.

वाटेत गाडी बिघडली तर काय, या प्रश्नावर स्प्लेंडरशी बरोबरी करणारी गाडी नाही. क्लच केबल, प्लग, ब्रेक शू यांपैकी काहीही तालुक्याच्या गावात, बहुतेकदा बाजाराच्या गावातही मिळते आणि कोणताही मेकॅनिक डोळे झाकून बसवतो. युनिकॉर्नचेही फारसे अडत नाही. क्लासिकचे सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. एक्सपल्सच्या बाबतीत तारांच्या चाकांत ट्यूब असते हे लक्षात ठेवावे: ट्यूबलेस टायरचे पंक्चर जागेवर दहा मिनिटांत निघते, ट्यूबचे काढायला चाक उतरवावे लागते, म्हणून जास्तीची ट्यूब आणि टायर उघडण्याच्या पट्ट्या बरोबर हव्यातच. क्लासिकच्याही तारांच्या चाकांच्या आवृत्तीला हे लागू आहे. अलॉय चाकांच्या आवृत्तीला नाही.

आता मागच्या सीटबद्दल, कारण माझ्या मते खरा निर्णय तेथे होतो. दोघांचे वजन, सामान आणि दिवसाला साडेतीनशे-चारशे किलोमीटर, असा बेत वर्षातून तीन-चारदा होणार असेल, तर 350 घ्यावी आणि त्यात मन डळमळू देऊ नये. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट डबल सीट चढून पाहिला की 160 ची मर्यादा समजते: गाडी चढते, पण मागच्या माणसाला इंजिनाची धडपड जाणवते, आणि पुढे कोल्हापूरपर्यंत अरुंद सीटवर बसून त्याची कंबर धरते. जड गाडी ट्रकच्या झोतात हलत नाही, लांब व्हीलबेसमुळे (दोन चाकांमधल्या जास्त अंतरामुळे) खड्ड्याचा धक्का मागे कमी पोहोचतो, सीट रुंद असते. चालकाला जे चालून जाते ते मागे बसणाऱ्याने सोसावे, अशी अपेक्षा धरू नये. म्हणून गाडीची टेस्ट राइड घ्यायला त्या माणसालाही बरोबर न्यावे, आणि शोरूमभोवतीच्या एका फेरीवर समाधान न मानता निदान दोन तास सलग बसवून त्याचे मत विचारावे.

एकट्याने फिरणाऱ्याने आहे ती 160 ठेवून थोडा खर्च तिच्यावरच करावा. सीटचा फोम चांगल्या कारागिराकडून बदलून घ्यावा, टायर झिजण्याची वाट न पाहता नवे टाकावेत, चेन-स्प्रॉकेटचा सेट तपासून दर चार-पाचशे किलोमीटरला चेनला तेल द्यावे. छोट्या इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर असते आणि दिवसभर ते जास्त आरपीएमवर फिरते, त्यामुळे लांबच्या प्रवासाआधी ऑइल बदलावे आणि रोज सकाळी पातळी पाहावी. सामान पाठीवर न घेता सीटवर, शक्य तितके पुढे आणि खाली बांधावे. दिवसाचे अंतर 250-300 च्या आत ठेवून अंधार पडण्याआधी मुक्काम गाठावा, कारण या गाड्यांचे हेडलाइट शहरातल्या रस्त्यांसाठी असतात आणि जास्तीचे मोठे दिवे लावण्याइतकी वीज त्यांचे इंजिन तयार करत नाही.