वॉरंटीतला फोन बिघडला: सर्व्हिस सेंटर की तपकीर गल्ली?

फोन बंद पडला की पुण्यात पाय आपोआप बुधवार पेठेकडे वळतात. तपकीर गल्लीच्या परिसरात स्क्रीन, बॅटरी डोळ्यांसमोर बदलून मिळते, भावही करता येतो. वॉरंटी संपलेल्या फोनसाठी मीही तिथेच जातो. पावती मात्र मागून घ्यावी.

वॉरंटी चालू असेल तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटर. फोन बाहेर उघडला की क्लेम नाकारायला कंपनीला निमित्त मिळतं. तिथे वेळ लागतो, पण आतल्या दोषाची दुरुस्ती फुकट होते. पडून फुटलेली स्क्रीन किंवा पावसात आत गेलेलं पाणी साध्या वॉरंटीत बसत नाही. ओलावा दाखवणारी आतली पट्टी रंग बदलून सगळं सांगते.

माझ्या बहिणीचा फोन एकाच बिघाडासाठी तीनदा जमा करावा लागला. शेवटी बदली फोन मिळाला, तो प्रत्येक वेळची जॉबशीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरने दिलेली फोन जमा केल्याची पावती, जपून ठेवली म्हणूनच. म्हणून कळकळीने सांगतो, कागद टाकू नका. स्टार हॅश ०६ हॅश दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, पाहा आणि जॉबशीटवर तोच आहे ना, ते तपासा. फोन देण्याआधी बॅकअप घ्या; बदली फोन कोराच येतो. त्याचा नवा आयएमईआयही कागदावर लिहून घ्या.

टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.