आधार घरी राहिलं: फोटो घ्यावा की डिजिलॉकर?
इंदूरला जेल रोडवर दुकानात जुना मोबाईल विकायला आलेला म्हणतो, "भाऊ, आधार घरी राहिलं, व्हॉट्सअॅपवर फोटो आहे." फोटो घेणं सोपं, पण तो कुणाचाही असू शकतो, नुसती खरेदीच्या नोंदीची वही भरते. त्यापेक्षा डिजिलॉकर (कागदपत्रांचं सरकारी अॅप) त्यालाच समोर उघडायला सांगा. त्यातलं कार्ड कायद्याने मूळ कागदाइतकंच ग्राह्य. दोन मिनिटं जातात, गिऱ्हाईक कुरकुरतं (पोहे मागवा, निवळेल!). नेट नसेल तर सौदा उद्यावर. दोन्हींत एक उणीव मात्र सारखीच: ओळख पटली तरी फोन त्याचाच, असं ठरत नाही. *#०६# दाबून आयएमईआय (त्या फोनचा ओळख क्रमांक) संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासाच. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ दुकानदारालाही लागतं.