खोली नंबर 4: दहा महिने राहिल्यावर

अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडलो तेव्हा जवळ एक ट्रंक आणि आयटीआयचं सर्टिफिकेट होतं. बेळगावात उद्यमबागेत लेथवर काम लगेच मिळालं, खोली मात्र मिळेना. वडगाव, शहापूर, अनगोळ, सगळीकडे तेच. पहिला प्रश्न आडनाव, दुसरा गाव, तिसरा 'आईवडील कुठं असतात?' तिसऱ्याला मी गप्प व्हायचो. मग गेल्या जूनमध्ये इथं, बालगृहातून बाहेर पडलेल्या पोरांसाठीच्या आफ्टरकेअरच्या घरात आलो.

जुनं कौलारू घर नीट करून घेतलंय. मध्ये चौक, भोवती सहा खोल्या, खोलीत एकच जण. कामावरची टेप आणून मोजली, 10 बाय 9. शहरी बेघरांच्या निवाऱ्याला सरकारी निकष माणशी 50 चौरस फुटांचा, त्या मानानं ऐसपैसच म्हणायची. पण मला जास्त अप्रूप दाराला आतून असलेल्या कडीचं. बालगृहात ती नव्हती. पहिले आठ दिवस उगाचच लावून बघत होतो, हसू नका.

दुसरी चावी घर सांभाळणाऱ्या अक्कांकडे असते, पण दार वाजवल्याशिवाय त्या येत नाहीत. फाटकाजवळची पहिली खोली त्यांची, खिडकी चौकाकडे. कोण आलं, कोण गेलं ते त्यांना भाजी निवडता निवडता दिसतं, आपल्याला हजेरी दिल्यासारखं वाटत नाही.

स्वयंपाकघर एकच आहे आणि नळावर जायचं तर त्यातूनच जावं लागतं. आधी वैताग यायचा. डिसेंबरात माझं काम सुटलं, तीन दिवस कुणाशी बोललो नाही. चौथ्या दिवशी कळशी घेऊन निघालो तर खानापूरकडचा पोरगा भाकऱ्या थापत बसलेला. "बस की, गरम हाय," एवढंच म्हणाला. काय झालं ते विचारलंसुद्धा नाही. तिसऱ्या भाकरीला मीच सांगायला लागलो. त्याच आठवड्यात अक्कांनी नवीन कामाचा कन्नड फॉर्म शेजारी बसून भरून घेतला. नळ खोलीत असता तर मी बाहेर आलो नसतो.

आता तक्रारी. नकाशा काढणारा माणूस पावसाळ्यात इथं राहिलेला नाही, हे नक्की. आपल्याकडं झड लागली की आठ-आठ दिवस उघडीप नसते, आणि कपडे वाळवायची दोरी उघड्या चौकात! ऑइलचे कपडे खोलीत टांगायचे, मग भिंतीला बुरशी. प्लग एकच, तोही दारामागं. फाटक साडेदहाला बंद, माझी दुसरी पाळी 11 ला सुटते. अक्का उठून उघडतात, पण रोज त्यांची झोप मोडायला जिवावर येतं. दोनदा सांगून झालं.

महिन्याला 1,500 रुपये द्यायचे. त्यातले 500 माझ्याच नावावर पोस्टात पडतात, पुढच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी. ही सोय मला फार पटली, कारण आफ्टरकेअर 21 वर्षांपर्यंतच, अगदीच अडचण असली तर 23. ऑगस्टात मला वीस पूर्ण होतील. भाड्याची पावती मिळते, तिच्यावर माझं नाव आणि इथला पत्ता असतो. सगळ्या जपून ठेवल्यात.

कुणी येणार असाल तर नळाकडच्या भिंतीची खोली घेऊ नका, ओल येते. आणि लांब वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड आणा.